गोऱ्या बाईची नजर

वाशीमच्या बालवाडीत ती गोरी बाई आली, तवा पहिल्याच दिवशी मी म्हनलं, ह्या बाईचं काई खरं नाई.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. आमच्या बालवाडीच्या बाई दूर दक्षिणेत जाऊन लहान लेकराईले शिकवाचं नवं शिक्षन घेऊन आल्या होत्या. तिथं वळख झालेली ही गोरी बाई आता आमची लेकरं पाहाले आली. पाहाले म्हंजे खरंच पाहाले! कोपऱ्यात खुर्ची टाकून बसे. ना बोले, ना हाले, नुसती एकेका लेकराकडे टकामका पाहे. एवढ्या लांबून कोनी फुकट पाहाले येते का, बापा?

त्याच बालवाडीत जानारी माही पोरगी चौथ्या वर्षात लागली होती, अन् अजून एक शब्द बोलत नव्हती. आमी माळी मानसं, भाजीपाला पिकवून बाजारात विकनारे. देवाले नवस झाले, वैदाचं चाटन झालं. पोरगी जन्माची मुकी राह्यते का काय, ह्या धाकानं मले घास गोड लागे ना. अन् ही बाई नेमकी तिच्याकडेच पाहून राह्यली! मी पोरीच्या गालाले काजळाची तीट लावली. दुसऱ्या दिवशी मोठी लावली. तिसऱ्या दिवशी तं गाल कमी अन् काजळ जास्त.

मंग गोऱ्या बाईनं आमच्या बाईले इचारलं, हे काळं काय होय?

"नजर लागते म्हना तिले," मी म्हनलं. "तुमचीच."

आमच्या बाई लाजून अर्ध्या झाल्या, पन त्याईनं सांगतलं. गोरी बाई हासली नाई. तिच्या मुलखात तिची आजी ह्याच भ्यावानं पाळन्याले लाल फीत बांधे, म्हने.

"अन् तरी पाहून राह्यली? माहीत असून?"

तवापासून ती खुर्ची वळवून तिरपी पाहे. माहा संशय अजूनच वाढला.

एक दिवस तिनं आमच्या बाईच्या तोंडून मले इचारलं, "पोरीले काई इचारल्यावर तुमी किती वेळ थांबता?"

"थांबाचं कायले? तिले तहान लागली का मी वळखतो, भूक लागली का मी वळखतो. माय आहो मी तिची, परकी नाई!"

पन घरी येऊन जिवाले घोर लागला. ही बाई पोरीची सगळी माहिती काहून काढून घेऊन राह्यली? उद्या ही तिले आगगाडीत बसवून नेईन, अन् मुकं लेकरू हाक तरी कशी मारन? बस, ठरवलं, पोरीले बालवाडीतून काढाचं.

सकाळीच मी बालवाडीत गेली. पोरगी लहानशा लोट्यानं गिलासात पानी ओतून राह्यली होती. अर्धं गिलासात, अर्धं झग्यावर. मी धावली. गोऱ्या बाईनं हात आडवा केला. मंग तं माहं डोकंच फिरलं. मी तिचा हात झटकला अन् लोटा धरला. पोरीनं तो दुसऱ्या बाजूनं घट्ट धरला.

"सोड," ती म्हनली.

मी आमच्या बाईकडे पाह्यलं. त्याईचा आ वासलेला. माय नाई, पानी नाई, भाकर नाई. ज्या शब्दासाठी मी इतके दिवस जीव टाकला, तो हा! मले रडू फुटलं, अन् रागही आला. गोऱ्या बाईच्याही डोळ्यात पानी होतं. ते पाहून अजूनच राग आला.

घरी येऊन मी मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या अन् पोरीची नजर उतरवाले बसली. आल्यागेल्याची, शेजारपाजाऱ्याची, गोऱ्या बाईची...

पोरीनं माही मूठ धरली. "सोड."

'तुले नाई जमत' हे माह्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं, अन् मूठ उघडली. तिनं मीठ-मोहऱ्या आपल्या इवल्याशा मुठीत घेतल्या, अर्ध्या सांडल्या, अन् उरल्या त्या माह्याच तोंडावरून ओवाळू लागली. मी ना बोलली, ना हालली. नुसती तिच्याकडे पाहत राह्यली.