नव्या ब्रेकचे पहिले वीस किलोमीटर

पन्नाशीत मी दोन सीटची स्पोर्ट्‌स कार घेतली, तेव्हा शिरूरमध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, ही चालवणार कुठं? शर्यतीच्या ट्रॅकवर, म्हणालो की लोक विषय बदलायचे. थोरला भाऊ तेवढा म्हणाला, "कांद्याची गोणी कुठं ठिवायची हिच्यात?"

मला घाई नव्हती. नवं इंजिन रुळावं म्हणून पहिले दीड हजार किलोमीटर ते चार हजार आरपीएमच्या वर नेलं नाही. शिरूर ते दौंड, दौंड ते शिरूर. एकाच वेगात फार वेळ राहायचं नाही, म्हणून गिअर खालीवर करत उसाच्या ट्रॉल्यांमागं निमूट चाललो. दुधाच्या टेम्पोवाल्यांनी मला मागं टाकलं, वर हात हलवला. मग ऑइल बदललं आणि ट्रॅकचे ब्रेक पॅड बसवले. स्वतःच बसवले, दोनदा हात धुऊन. का, ते आता सांगतो. लपवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

बावीस वर्षांपूर्वी दादाची वडापची, गावोगाव माणसं नेणारी जीप होती आणि माझं गॅरेज. एका सकाळी मी तिला नवे ब्रेक लायनर बसवले, ते बेअरिंगला ग्रीस भरलेल्या हातांनीच. एकाला ग्रीस लागलं. मला दिसलं. लायनर बदलायला हवा होता, मी फडक्यानं पुसला. एक चक्करसुद्धा मारून बघितली नाही. "जा बिनधास्त," म्हणालो. न्हावरा फाट्यावर जीप थांबली नाही, उभ्या ट्रॉलीवर गेली. आतल्या माणसांचं खरचटण्यावर भागलं. दादाचा उजवा गुडघा गेला.

जीप ओढून माझ्याच गॅरेजला आणली. तपासणीला आरटीओचे साहेब यायच्या आत मी ब्रेकचा ड्रम उघडला. लायनर काळा, तेलकट. पेट्रोलनं धुतला, घासला, परत बसवला. साहेब म्हणाले, ब्रेक ठीक आहेत. म्हणजे चूक ड्रायव्हरची. आई दादाला म्हणाली, "तुझ्या हातात माणसं देऊ नयेत." मी तिथंच उभा होतो. दादानं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. ब्रेक आपणच उशिरा दाबला, असं त्यालाही वाटत आलं.

नवे पॅड डिस्कवर बसायची एक रीत असते. शंभरच्या वेगावरून तीसवर यायचं, थांबायचं नाही, पुन्हा शंभर. असं दहा वेळा. मग ते निवेपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर ब्रेकला पाय न लावता चालवत राहायचं. तापलेले पॅड दाबून गाडी उभी केली, तर डिस्कवर डाग उमटतो आणि पुढं ब्रेक मारताना पेडल थरथरतं. मागं बघायला कुणीतरी हवं, म्हणून मी दादाला घेतलं. आई दौंडला आमच्या बहिणीकडं असते, तिची भेट होईल, म्हणालो. मनात वेगळं होतं.

चौफुल्याच्या पुढं रविवारी सकाळी हायवे मोकळा होता. दादा मागं बघून ओरडायचा, "कुणी न्हाई, दाब!" आणि दर वेळी पट्ट्याला लोंबकळायचा. "आरं, पोटातला च्या वर आला की!" दहा झाले. गाडीत जळका वास भरला. वरवंड मागं पडलं आणि मी सांगायला लागलो. ग्रीस, फडकं, पेट्रोल. सगळं, रस्त्यावरची नजर न काढता.

दादानं मागं बघायचं सोडलं. मग म्हणाला, "थांबव."

"दादा, पॅड तापलेत. आता थांबवली तर..."

"तवा बी न थांबणारीच दिली हुतीस मला. थांबव."

मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी उभी राहीपर्यंत उचलला नाही.

सीट खाली, त्याचा गुडघा तसला. उतरायला वेळ लागला. मी हात द्यायला गेलो, तो त्यानं झटकला. मोरीच्या कठड्यावर जाऊन बसला.

"मी दाबला हुता ब्रेक?"

"वेळेवर दाबला होतास."

"परत बोल."

"दादा, तू वेळेवर दाबला होतास."

"झोपेत अजून दाबतो मी त्यो, बारक्या." गुडघा चोळत म्हणाला, "मला सांगून भागायचं न्हाई. आईला सांग. तुझ्या तोंडानं. मी मधी बोलणार न्हाई, आन् तुला सोडवणार बी न्हाई."

मी माफीचं काढलं. "ते मागनं बघू," म्हणाला.

पाटसला वळताना पेडल पायाखाली थरथरलं. डिस्कवर डाग पडला होता. सगळं पुन्हा करावं लागणार, ट्रॅकवर जायचा ठरलेला दिवस चुकणार. चुकू दे, म्हटलं.

दौंडला आई ओट्यावर मेथी निवडत होती. दादाला उतरताना बघून म्हणाली, "तू न्हाई ना चालवली?"

दादा खाली बघत उभा राहिला. बहिणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो मी घेतला नाही.

"आई," मी म्हणालो, "फाट्यावर ती जीप दादामुळं नाही ठोकली. माझ्यामुळं ठोकली."