खाऱ्या पाण्यात दिलेली बहीण

आमच्या बापाने आम्हा बहिणींची लग्नं पाणी पाहून केली. म्हणजे माझं तरी. मला पाहायला पहिली आली ती अकोटकडची माणसं. घर आमच्यासारखंच माळ्याचं, पण मळा नाही. सगळी काळी कोरडवाहू जमीन आणि गावातल्या विहिरी खाऱ्या. बाप त्या गावी गेला, पोहऱ्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "थोरलीले या पाण्यात नाई देत," म्हणाला आणि मला पातूरला दिलं. पातूरला माझ्या सासरी ओढ्याकाठी मळा होता, मोट होती, विहिरीचं पाणी गोड होतं. दोन वर्षांनी धाकटीची वेळ आली तेव्हा बापाचा हात आखडला होता. तीच अकोटकडची माणसं पुन्हा आली. त्या वेळी बापाने पाणी चाखलं नाही.

पहिली काही वर्षं मला धाकटीची फार दया येई. दिवाळीला माहेरी भेटलो की ती आधी तांब्या तोंडाला लावायची आणि मग बोलायची. "बाई, आमच्या पाण्यात डाळ दिवसभर रटरटते, तरी दाणा मऊ होत नाई." मी तिच्या पदरात वांगी, मेथी, हिरव्या मिरच्या बांधून देई. ती घेताना खाली बघायची. खरं सांगायचं तर मला ती दया करायला आवडायचं. एवढं सुख मला माझ्या मळ्यानेही दिलं नाही.

मग समुद्रापलीकडे कुठे तरी गोऱ्या लोकांची लढाई जुंपली. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माझ्या नवऱ्याने मळा मोडून कापसाची पऱ्हाटी लावायला नकार दिला. लावली असती तरी आमच्या हलक्या जमिनीत काय पिकलं असतं! आणि ज्या काळ्या जमिनीला बापाने नाक मुरडलं होतं, ती जमीन दर वर्षी गाड्याच्या गाड्या भरून द्यायला लागली. धाकटीच्या नवऱ्याच्या बैलबंड्या अमरावतीच्या बाजारात कापूस घेऊन जायच्या आणि रिकाम्या परत येत नसत.

एका उन्हाळ्यात ती आमच्याकडे पातूरला आली ती दमनीत, माणसं बसायच्या हलक्या बैलगाडीत, बसून. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या. गळ्यात सोन्याची एकदाणी, खाली पुतळ्यांची माळ. उतरल्या उतरल्या ती माझ्या पाया पडली आणि तिच्या गळ्यातलं सोनं माझ्या मळक्या पायांवर आपटलं. तिने माझ्यासाठी भरजरी काठाचं लुगडं आणलं होतं. दोन्ही हातांनी पुढे केलं आणि मी ते घेताना खाली पाहिलं.

जाताना तिने मला बाजूला घेतलं. "बाई, घरात सोनं ठेवाची सवय नाई व मले. उतरंडीत ठेवतो. खालून तिसऱ्या मडक्यात, तिळाखाली. सासूले बी सांगतलं नाई, फक्त तुलेच सांगून राहिली." तिला वाटलं, तिने माझ्यावर विश्वास टाकला. मला वाटलं, ती मला अजून एकदा दाखवून गेली. ते लुगडं मी पेटीच्या तळाशी टाकलं आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा रंग आवडला नाही म्हणून सांगितलं.

पाऊस सरला. मी आठवडी बाजारात भाजी घेऊन बसले होते. एक उतारवयाची बाई माझ्या पाटीजवळ येऊन टेकली. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, अंगावर साधं धुवट लुगडं. तिने चार वांगी घेतली आणि उठलीच नाही. माझ्या मेथीवर स्वतःच पाणी शिंपडायला लागली.

"काय व माय, मळ्याची मालकीण तू, अन् तोंड असं काहून उतरलं?"

"काई नाई. ऊन लागून राहिलं."

"उन्हानं असं नाई होत," ती म्हणाली. "मले बी बहीण हाये. माह्या पाठची. देवानं तिच्या पदरात सारं टाकलं अन् माह्या हाती भाकरीचं टोपलं दिलं."

तिला बहीण होती की नव्हती, देव जाणे. माझ्या मनात काय आहे ते तिने कसं ओळखलं, हेही मला आजवर कळलेलं नाही. पण दोन वर्षं माझ्या पोटात जे आग होऊन बसलं होतं, त्याची चौकशी करणारं ते पहिलं माणूस. मी बोलत सुटले. गाव सांगितलं, घर सांगितलं, दमनी सांगितली. तिने विचारलं, एवढं सोनं घरात, भीती नाही वाटत तिला? मी म्हटलं, कसली भीती, उतरंडीत तिळाखाली लपवते. घरात माणसं असतील ना? असतात, पण मार्गशीर्षात पुरुष कापूस घेऊन अमरावतीला जातात. मग घरात ती आणि मंद नजरेची सासू.

"लहानपणी कशी होती व थे?" तिने विचारलं.

मी लहानपणीचंही सांगितलं. धाकटीने आईचा कुंकवाचा करंडा फोडला होता, आम्ही दोघींनी त्याचे तुकडे परसातल्या डाळिंबाखाली पुरले होते आणि आईचा मार मी खाल्ला होता. "सारं मीच सोसलं तिच्यासाठी, अन् फळ तिच्या पदरात," असं मी म्हणाले. त्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गर्दीत निघून गेली. मला फार हलकं वाटलं. त्या दिवशी मी घरी जाऊन गोड रांधलं.

मार्गशीर्षातली दुपार होती. मी मळ्यात वांगी तोडत होते. वाटेवर घुंगरं वाजली म्हणून वर पाहिलं, तर धाकटीची दमनी. ती थांबायच्या आतच धाकटी खाली उतरली. कडेवर लेकरू, डोक्यावर पदर नाही, डोळे सुजलेले. बांधापर्यंत धावत आली आणि मला पाहून जागच्या जागी थिजली. भूत पाहावं तसं ती माझ्याकडे पाहत राहिली.

"बाई?" ती म्हणाली. "तू उभी हायेस?"

"मंग काय निजू इथं? काय झालं तुले?"

तिने लेकराला बांधावर बसवलं आणि माझे गाल, खांदे, हात चाचपून पाहिले. मग मला अशी मिठी मारली की पाटीतली वांगी चिखलात सांडली. ती रडत होती आणि मधूनमधून हसतही होती.

"एक बाई आली आमच्याकडं. म्हणे, तुई बहीण आजची उद्या नाई. तिनं तुले पाहाले बोलावलं. मी म्हटलं, तुले कोण ओळखते? तं तिनं खूण सांगतली. करंड्याचे तुकडे डाळिंबाखाली पुरले थे. आपल्या दोघींशिवाय कोणाले माहीत हाये व? मी तशीच सालगड्याले घेऊन निघाली. अकोल्यात बैलायले दम देल्ला तेवढाच."

"अन् थे बाई?"

"तिचे पाय चालून चालून सुजले होते. म्हणे, तू जाय, मी म्हातारीपाशी थांबतो."

मी खोटं बोलणार नाही. पापणी लवावी एवढा वेळ मला बरं वाटलं. तिसरं मडकं मला रिकामं दिसलं आणि बरं वाटलं. त्यानंतर लक्षात आलं, वाट मीच दाखवली होती. धाकटी बोलता बोलता थांबली. तिचे हात माझ्या खांद्यांवर होते, ते तिने काढले नाहीत. मग ती लेकराला उचलायला वळली.

मी तिच्याबरोबर निघाले. दोन दिवसांच्या वाटेत मोर्णा गेली, पूर्णा गेली, आम्ही लेकराबद्दल आणि बैलांबद्दल बोललो. घरी पोचलो तर सासू ओसरीवर बसलेली, केस चोपून विंचरलेले.

"लय चांगली बाई होती," म्हातारी म्हणाली. "माह्या डोक्शाले तेल लावलं, गरम भाकर खाऊ घातली. काल गेली."

उतरंड जशीच्या तशी रचलेली होती. तिसऱ्या मडक्यात तीळ होते, फक्त तीळ.

पाटील आला, त्याच्या मागून चौकीवरचा जमादार आला. त्याने ओसरीवर बसून विचारलं, "सोनं कुठी ठेवता, हे कोणाले माहीत होतं?"

मी दाराच्या आड उभी होते. धाकटी पुढे होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"कोणालेच नाई," ती म्हणाली. "घरच्यायले बी नाई."

"मंग त्या बाईले खूण कोणं सांगतली?"

"लहानपणी खेळताना कोणं तरी पाह्यलं असन."

मी वाचले. पण दाराआड उभं राहून मला काय वाटलं म्हणता? हेही मोठेपण हिनेच घेतलं, असं वाटलं. मला तिचा राग आला. तिचा नवरा अमरावतीहून परतला, सगळं ऐकून पायरीवर बसला आणि म्हणाला, "तू अन् लेकरू सुखरूप हाये ना, बस झालं." माझ्या नवऱ्याचा विळा हरवला तरी घरात तीन दिवस बोलणं चालायचं. त्या माणसाचा शब्द ऐकून माझ्या पोटात पुन्हा दुखलं, सोन्यासाठी दुखलं होतं त्यापेक्षा जास्त.

मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. सकाळी उठताच आलं नाही. हुडहुडी भरली, अंग पेटलं आणि पुढचे कित्येक दिवस मला आठवत नाहीत. त्या बाईने सांगितलेली थाप आठ दिवसांच्या आत खरी झाली: मी अंथरुणावर, आजची उद्या नाही अशी, आणि धाकटी उशाशी. गावातल्या बायका ते ऐकून कानाला हात लावत. धाकटीने माझ्यासाठी नदीचं पाणी आणवलं, गाळून, उकळून पाजलं. शुद्ध आली तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "मी तापात काई बोलली काय व?"

"पाणी मांगत होतीस," ती म्हणाली.

पातूरला परतल्यावर मी बाजारात शेजारी बसणाऱ्या कांदेवालीला विचारलं, पावसाळ्यानंतर माझ्याजवळ ती गोंदलेल्या हनुवटीची बाई बसली होती, ती पुन्हा दिसली का? कांदेवाली म्हणाली, "कोणती बाई? त्या दिवशी तुयापाशी कोणी बसलंच नव्हतं. तू आपलीच बडबडून राहिली होतीस, मले वाटलं ऊन लागलं." मी तिच्याशी भांडले. सासूच्या डोक्याला तेल लावून गेलेली बाई काही माझ्या मनातली नव्हती. पुढे अंजनगाव सुर्जीला एका व्यापाऱ्याच्या घरी अशीच एक बाई येऊन गेल्याचं कानावर आलं. सापडली मात्र कुठेच नाही.

लढाई संपली तसे कापसाचे भाव कोसळले. धाकटीकडे दमनी राहिली नाही, पुन्हा सोनंही झालं नाही. आम्ही बरोबरीच्या झालो. माझी जळजळ तेव्हा थांबायला हवी होती. ती थांबली नाही. तिच्या नवऱ्यावर, तिच्या हसण्यावर, तिच्या सुना तिच्याशी कशा बोलतात त्यावर जाऊन बसली.

माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नाआधी ती मदतीला आली होती. आम्ही दोघीच ओसरीवर गहू निवडत होतो. केस पांढरे झाले होते दोघींचे. मी सुपातून मान वर न करता म्हटलं, "थ्या बाईले मीच सांगतलं होतं. करंडा बी, मडकं बी."

"माहीत हाये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुया मळ्यात तुले उभी पाह्यली तेव्हापासून. मडक्याचं तं तुलेच सांगतलं होतं ना मी."

"मंग बोलली काहून नाई?"

तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "दोन दिवस दमनीत मी तुले मेली समजून रडत होती, बाई. तू वांगे तोडताना दिसली. मंग सोन्याचं कोणाले सुचते?"

मी तिच्या जागी असते, दोन दिवस रडून आले असते आणि ती मला धडधाकट दिसली असती, तर मला तेवढा आनंद झाला असता का? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. तिचं सोनं, तिची दमनी, तिचा नवरा, या सगळ्यांचा मी हेवा केला, पण त्या दुपारी बांधावर तिला जे वाटलं त्याचा हेवा मला अजून वाटतो.

"सूप दे इकडं," ती म्हणाली, "तुले आता खडे दिसत नाईत."

मी सूप तिच्याकडे सरकवलं.