गाजावाजा न करता

दूतावासात सगळे त्यांना पाठीमागे हळूबाई म्हणत. बोलणं हळू, चालणं हळू, दारसुद्धा आवाज न करता लावायच्या. परीक्षा देऊन, देशोदेशी बदल्या झेलत त्या उपराजदूत झाल्या होत्या. राजदूत मात्र निवडणुकीत आपटलेले पुढारी, पक्षानं सोय लावून दिलेले. त्यात कर्मचारी कमी केलेले, म्हणून तिघांचं काम बाई एकट्या ओढत.

दोन वर्षं त्या एका कामामागे हात धुऊन लागल्या होत्या. आपल्याकडचा एक क्रेनचालक इथल्या तुरुंगात सडत होता. बंदरातल्या अपघाताचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं होतं. इथल्या परराष्ट्र खात्यातल्या उपसचिवाकडे बाईंनी किती बेचव कॉफी रिचवली, त्याच्या गुडघेदुखीच्या किती कहाण्या ऐकल्या, देव जाणे! शेवटी तो पाघळला.

"गुरुवारी सोडतो. पण कुठं ब्र काढायचा नाही. बोभाटा झाला तर संपलं."

वरिष्ठांना अंधारात ठेवायचं नाही, हा नोकरीचा नेम. बाईंनी साहेबांना सांगितलं आणि हात जोडून बजावलंही.

बुधवारी सकाळी साहेबांचा व्हिडिओ देशभर फिरला. झेंड्याशेजारी छाती फुगवून ते सांगत होते, "मी दम भरला, ते वाकले. उद्या आपला भाऊ घरी!"

तासाभरात उपसचिवाचा फोन आला. "आमचे मंत्री खवळलेत. वाकले म्हणे! फाईल त्यांनी काढून घेतली, माझी बदली केली. आता तो सुटत नाही, मॅडम."

बाई तशाच साहेबांच्या खोलीत घुसल्या. साहेबांनी हसत मोबाइल पुढे केला. "बघा, लोक किती खूश आहेत! तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

या माणसापुढे डोकं आपटलं तर फुटणार ते आपलंच. बाई परत आल्या आणि खुर्चीत कोसळल्या. दोन वर्षं पाण्यात गेली होती, आणि एक माणूस जिवंत गाडला गेला होता.

टेबलावरचा फोन वाजला. क्रेनचालकाची आई.

"ताई, बघितलं हो मी! त्याची गादी उन्हात टाकलीय, शर्ट इस्त्री केलेत. तुम्ही मला गप्प राहा, गप्प राहा म्हणत होता. शेवटी साहेब बोलले तेव्हाच काम झालं ना? बरं, उद्या किती वाजता येतोय तो?"

"मावशी..." बाईंचे ओठ नुसतेच हलत राहिले.

"जरा मोठ्यानं बोला ना, ताई. काहीच ऐकू येत नाहीये."