कुणाच्या जागेवर आलास?

दुर्गम राजमल्लू खाणीत उतरणाऱ्या नव्या पोरांना शिकवायचा. मी त्याच्याच वर्गात दिवे अन् टोप्या वाटायचो, आणि त्याची ओळख करून घ्यायची तऱ्हा मला मुळीच आवडत नसे. पहिल्या दिवशी तो नाव विचारायचाच नाही. विचारायचा, "कुणाच्या जागेवर आलास?"

आमच्या कोळशाच्या गावात बाप नोकरीत असताना मेला किंवा अनफिट ठरला, तर जागा पोराला मिळते. धडधाकट रिटायर झाला, तर पोराच्या हाती धुपाटणं.

"बापाच्या, सार. छत कोसळलं."

"अरे, तो टोपी तिरकी घालायचा! तू नको घालूस," राजमल्लू म्हणायचा. पोरं हसायची, जरा सैलावायची.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला, पण बोलेना.

"काय जावईबापू, मुहूर्त काढायचा का?"

"बापाच्याच, सार. पोशमच्या."

पोशम फार पूर्वी राजमल्लूच्या पाळीत होता. "तो तर रिटायर व्हायला आला होता. काय झालं?"

"शेवटच्या महिन्यात विहिरीत सापडला."

"पोशम? त्याला तर चांगलं पोहता यायचं."

"यायचं, सार." पोरगा खाली बघत म्हणाला, "घरात नोकरीचंच बोलणं चालायचं. मीच काढायचो."

कुणी हसलं नाही. राजमल्लूने पुढच्या पोराला काही विचारलंच नाही. तो स्वतः त्याच महिन्याअखेर रिटायर होणार होता, आणि त्याचा पोरगा श्रवण डिग्री घेऊन घरी बसला होता. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? म्हणून संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या क्वार्टरपर्यंत गेलो.

ओट्यावरूनच त्याने पोराला हाक मारली. "श्रवण, ऐक. मी जिवंत घरी येणार आहे. माझी जागा तुला मिळायची नाही."

"बापू, मी कधी मागितली?"

"नाही मागितलीस. पण नोकरीचा विषय निघाला की माझ्याकडे बघतोस."

लच्चक्का, त्याची बायको, दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मग पोरानं जन्मभर खायचं काय?"

माझं डोकं सणकलं, पण दुसऱ्याच्या घरात मी काय बोलणार? श्रवण आईला गप्प कर म्हणेल, याची मी वाट पाहत होतो. त्याने बापाकडे पाहिलं.