माजघरातली फाइल

लाजण्याच्या बाबतीत आमच्या मेव्हण्यांचा हात धरील असा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात तरी मला भेटलेला नाही. आपला पाय दुसऱ्याच्या पायावर पडला तर कोणीही ओशाळतं. आमचे मेव्हणे आपल्या पायावर कोणी पाय दिला तरी ओशाळतात आणि वर त्यालाच विचारतात, "लागलं नाही ना?" मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेले की त्यांना घासाघीस करायची लाज वाटते, आणि आमच्या घरी आल्यावर बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, भाव सांगायची लाज वाटते. जन्मभर प्राथमिक शाळेत गुरुजी होते, पण एखाद्या पोराला ओरडले तर पोरगं विसरून खेळायला जायचं आणि गुरुजींना मात्र रात्री जेवण जायचं नाही.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घ्यावा हे धाडसच होतं. पडद्यावर 'चूक झाली' अशी पाटी आली की मेव्हणे हळूच "माझंच चुकलं" म्हणतात आणि मगच ओकेवर टिचकी मारतात. पाहुणे यायचे असले की रिसायकल बिन आधी रिकामा करतात, कारण आल्यागेल्याला घरातला केर दिसलेला त्यांना खपत नाही. फाइली ठेवायची त्यांची पद्धत तर सावर्ड्याजवळच्या त्यांच्या गावच्या घरावरून घेतलेली आहे. विजेचं बिल, गॅसची पावती असलं बाहेरचं सगळं 'ओटी' नावाच्या फोल्डरमध्ये. भाचरांचे फोटो 'पडवी'त. आणि जिवापाड जपायचं ते 'माजघरा'त, माजघरातल्या 'फडताळा'त, फडताळातल्या 'वरच्या कप्प्या'त, कप्प्यातल्या 'डब्या'त. इतकी दारं उघडेपर्यंत आपण कशासाठी आत आलो होतो तेच माणूस विसरतो. शिवाय एक वस्तू दोन ठिकाणी ठेवायची नाही हा त्यांचा नियम. मोबाइलवरून काही कॉम्प्युटरवर नेलं की मोबाइलमधलं लगेच पुसायचं. मी एकदा म्हटलं, दादा, एक प्रत राहू द्या की. तर म्हणाले, "एकच पातेलं दोन मांडण्यांवर कसं असेल, भावोजी?"

हे सगळं ज्ञान त्यांनी शहरातल्या एका क्लासात मिळवलं होतं. तिथे शिकवणारी बाई नेमकी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिला चौथीत असताना ते म्हणाले होते, "तुला हे या जन्मात जमायचं नाही." ती विसरून गेली होती, हे विसरले नव्हते. त्यामुळे सगळे दिवस ते मागच्या बाकावर बसले. तिने "सर, समजलं का?" विचारलं की खाली बघून "हो मॅडम" म्हणायचे. खोल ठेवलेली फाइल पटकन उघडता यावी म्हणून डेस्कटॉपवर त्या फाइलचं चित्र कसं आणायचं हे तिने शिकवलं, ते त्यांना जमलंही. पण त्या चित्राच्या कोपऱ्यात जो बारीक बाण दिसतो तो कशाला, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

त्या माजघरातल्या डब्यात एकच फाइल होती. त्यांच्या आत्याचं गाणं. आत्या म्हणजे गावच्या वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई. धर्मांतरानंतर वाडीतल्या मुली पहिल्यांदा शाळेत जायला लागल्या, तेव्हा जात्यावर बसून तिने स्वतः गाणी रचली होती. मेव्हण्यांनी तिच्यापुढे मोबाइल धरून त्यातलं एक गाणं रेकॉर्ड केलं आणि तिला शब्द दिला, "आते, जयंतीला तुझा आवाज तुला कर्ण्यावर ऐकवतो." आत्याने तेव्हापासून वाडीभर सांगून ठेवलं होतं.

जयंतीला मी बरोबर होतो. आत्या नवं पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मेव्हण्यांनी डेस्कटॉपवरचं ते चित्र उचलून पेनड्राइव्हवर घातलं होतं. वाडीच्या मंडळाच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला, टिचकी मारली, आणि पाटी आली की फाइल सापडत नाही. पुन्हा मारली, पुन्हा तेच. मेव्हणे सवयीने "माझंच चुकलं" म्हणाले. माइक चालू होता. ते सगळ्या वाडीने ऐकलं आणि मागे कोणीतरी हसलं. आत्या मात्र कर्ण्याकडे बघत विचारत होती, "माजा आवाज कदी येनार रं?" मेव्हण्यांचा चेहरा मला बघवेना.

परत येताना गाडीत मी त्यांना सांगितलं की बाण असलेलं चित्र म्हणजे नुसती वाट दाखवणारी खूण असते, खरी फाइल घरच्या कॉम्प्युटरमध्येच राहते. हातखंब्याला गाडी शहराकडे वळली. तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी आतेला घराचा पत्ता नेऊन दिला, आणि घर इथे रत्नागिरीत."

पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ, मी फाइल नीट घालून देतो, असं मी कितीदा म्हटलं. त्यांचं एकच, "आधी मी नीट शिकतो. आता कुठल्या तोंडाने जाऊ?" पावसाळा तसाच गेला. भातकापणीच्या सुमारास आत्या गेली. बातमी आली तेव्हा ते कॉम्प्युटरसमोरच बसले होते, माजघर उघडून.

आत्याच्या जलदान विधीला त्यांनी अख्खा कॉम्प्युटर बरोबर घेतला. पेनड्राइव्हचं नावही काढू देईनात. पडदा मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून पट्ट्याने बांधला, कॉम्प्युटरचा डबा स्वतःच्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला त्या डब्यावर हात. एरवी मी पोट धरून हसलो असतो.

सगळी दारं उघडून त्यांनी फाइल लावली. आधी खोकला ऐकू आला. मग त्यांचाच आवाज, "माझंच चुकलं आते, बटन दाबलंच नव्हतं. तू बोललीस ते सगळं वाया गेलं." मग आत्याचं हसणं. "गेला तर जाऊ दे. लाजतोस कशाला? मी हाय ना, परत बोलते." आणि मग गाणं, "पाटी बगलंत मारून, बाय माजी शाळंत चालली."

मी मेव्हण्यांकडे पाहिलं. मान खाली असणार अशी माझी खात्री होती. ते सरळ पडद्याकडे बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसतही नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष सहज म्हणाले, "गुरुजी, गाण्याच्या आधीचं ते बोलणं कापून टाका, मग सगळ्यांना पाठवू." मेव्हणे म्हणाले, "नाही. ते राहील." पुढे 'माफ करा' येईल म्हणून मी वाट पाहत होतो. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेनड्राइव्ह घेऊन आमच्या दारात उभे. आत यायला नेहमीसारखेच संकोचले होते. "एक तुमच्याकडे राहू द्या, भावोजी," म्हणाले. मी म्हटलं, दादा, आणि ते एका पातेल्याचं काय? त्यावर त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या तळहातावर ठेवला. मग म्हणाले, "बाण नाही ना, तेवढं बघून घ्या." मी लावून पाहिलं. खोकला आला, त्यांची माफी आली, आणि आत्या म्हणाली, मी हाय ना. तिथे त्यांनी हात पुढे करून ते थांबवलं, आणि तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं.