दादांची शाळा आणि धुरावरचा पंखा

आमच्या माहेरच्या लग्नकार्यात जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "कुमाताई, तो गाडीचा किस्सा सांग ना." कोणता, ते कोणी सांगत नाही. मी एक सुरू करते, तोवर माझा धाकटा भाऊ वसंता मध्येच दुसरा घुसवतो आणि एकाचं शेपूट दुसऱ्याला लागतं. किस्से साठवायला घरात जागा लागत नाही, ही त्यांची मोठीच सोय. म्हणून इतक्या वर्षांत एकही टाकून दिला गेला नाही. आज वसंता समोर नाही, तेव्हा माझ्या पद्धतीनं सांगून घेते.

*

आमचे वडील, म्हणजे दादा, अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. एकदा पंपाचा धडा आला, तेव्हा त्यांनी सगळा वर्ग विहिरीवर नेला आणि शाळेचा पंपच खोलला. एकोणतीस भाग निघाले. जोडताना अठ्ठावीस बसले. उरलेल्या एकावरून हेडमास्तरांशी वाजलं. दादांचं म्हणणं, तो भाग मुळातच जास्तीचा होता, कारण पंप तर चालू होता! हेडमास्तर ऐकेनात. दादांनी राजीनामा दिला आणि निघताना मला सातवीतून आणि वसंताला चौथीतून उठवून सोबत घरी आणलं.

"जिथं मास्तरले पंप खोलू देत नाहीत, तिथं पोरं काय शिकतीन?" ते आईला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर आमची शाळा भरायला लागली. रोज हजेरी व्हायची. विद्यार्थी दोनच, पण दादा ती वहीत घ्यायचे, आणि मी तापानं आत फणफणत पडले असले तरी माझ्यापुढे 'गैरहजर' लिहायचे. घर चालायचं ते शिकवण्यांवर आणि संत्र्याच्या बागांतले पंप दुरुस्त करण्यावर. वरूडच्या मामांकडे अशीच एक जुनी विलायती मोटार बागेत उभी होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. मामांनी ती दादांना देऊन टाकली, आणि दादांनी जाहीर केलं की यापुढे सगळे विषय गाडीवरच शिकवायचे.

आईनं हे महिनाभर पाहिलं. मग एका संध्याकाळी, पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता अट घातली.

"या घरातलं कोनीबी मॅट्रिकले नापास झालं, का गाडी भंगारात अन् पोरं शाळेत. मंग मले काई सांगाचं नाई."

दादांनी अट वहीत उतरवून घेतली आणि खाली सही केली. बाहेरून मॅट्रिकला बसणारी घरातली पहिली मीच असणार होते. नापास झाले तर एवढी घोडी होऊन आठवीतल्या चिमुरड्यांच्या बाकावर बसायचं आणि दादांची गाडी आपल्यामुळे गेली हे जन्मभर ऐकायचं, या दोन्हींची मला सारखीच भीती वाटायची.

*

इंग्रजीला आमच्याकडे पुस्तक नव्हतं. होता तो गाडीच्या सुट्या भागांचा कॅटलॉग. दादा म्हणायचे, यातलं एकही वाक्य उगाच लिहिलेलं नाही, असं पुस्तक दुसरं दाखवा. आम्ही तो पाठ केला.

आमच्या समोर कोर्टातले नाझरसाहेब राहायचे. त्यांचं इंग्रजी पक्कं. एकदा कौतुकानं त्यांनी वसंताला गाईवर निबंध लिहायला सांगितला. वसंतानं दहा मिनिटांत लिहून हातात दिला: "काऊ, वन नंबर, कम्प्लीट विथ फोर लेग्ज. हॉर्न, लेफ्ट हॅन्ड, वन. हॉर्न, राइट हॅन्ड, वन. टेल नॉट सप्लाइड सेपरेटली."

नाझरसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि दादांकडे दिला. दादांनी तांबड्या पेन्सिलीनं दोन मार्क कापले. शिंगांच्या आधी पाय लिहिले होते. यादी नेहमी वरून खाली करायची असते.

*

भूगोलाचा नियम आणखी कडक. जे गाव गाडीनं पाहिलं नाही, ते शिकायचं नाही. दादांनी भिंतीवर खडूनं नकाशा काढला होता आणि गाडी जाईल तसा तो वाढायचा. पूर्वेला चांदूर रेल्वेपर्यंत आमचं जग होतं. उत्तरेला ते मोर्शीच्या अलीकडे दोन मैलांवर संपायचं, कारण तिथल्या चढावर गाडीचा दम जायचा. वरूड त्याच्याही पलीकडे, पण तिथून गाडी बैलांनी ओढून आणली होती. तेव्हा वरूड नकाशात धरायचं की नाही, यावर माझं आणि वसंताचं दोन दिवस भांडण चाललं.

शाळेत न जाणारी पोरं म्हणून आमच्याबद्दल कोणीतरी अर्ज केला. शिक्षण खात्याचे एक साहेब चौकशीला आले. चहा झाला. त्यांनी वसंताला जवळ घेऊन मुंबई कुठे आहे म्हणून विचारलं.

"मोर्शीच्या अलीकडं दोन मैल गाडी बंद पडते साहेब," वसंता म्हणाला. "मुंबई त्याच्या पुढं असंन."

साहेबांनी मग मला गणितं घातली. दात असलेल्या चाकांवर मी इतकी गणितं केली होती की ती पटापट सुटली. चार दिवसांनी शेरा आला: मुलांची बुद्धी चांगली, भूगोल दुरुस्तीस आला आहे. दुरुस्ती म्हटल्यावर दादा खूश. त्यांनी त्याच दिवशी गाडीचा कार्ब्युरेटर खोलला.

*

चढावर दम जातो तो हवा कमी पडते म्हणून, असं दादांचं निदान होतं. चुलीला जशी फुंकणी, तशी इंजिनालाही पाहिजे. त्यांनी लोहाराकडून भट्टीचा हातानं फिरवायचा पंखा आणला, मागच्या सीटसमोर पक्का बसवला आणि तिथून एक नळी पुढे इंजिनात नेली. त्या दिवसापासून गाडीत मागे बसणाऱ्यानं चढ आला की पंखा फिरवायचा. पाहुणा असो, म्हातारं माणूस असो, सवलत नाही.

नाझरसाहेबांना एकदा मुलीसाठी स्थळ पाहायला जायचं होतं. बडनेऱ्याला रेल्वे पकडायची म्हणून दादांनी आग्रहानं त्यांना मोटारीत घातलं. पांढरा कोट, काळी टोपी, हातात छत्री. पुलाच्या चढावर दादा ओरडले, "फिरवा साहेब!" साहेबांनी छत्री टाकली आणि दांडा धरला. जोरात फिरवलं की मोटार पळायची, दमले की मंदावायची. असं करत स्टेशन आलं तेव्हा त्यांचा कोट घामानं भिजून अंगाला चिकटला होता.

ते खाली उतरले आणि दादांना एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमी मले स्टेशनावर आनलं, का मी तुमाले आनलं?"

दादांनी यावर खरंच विचार केला. घरी येऊन आम्हाला तोच प्रश्न गृहपाठ म्हणून दिला.

*

त्यानंतर हातपंखा बंद झाला, कारण मागे बसायला कोणी तयार होईना. दादा हताश होऊन बसले होते. तेवढ्यात रद्दीत त्यांना एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यात टर्बोचार्जर नावाच्या यंत्राचं चित्र होतं. गाडीचा धूर मागच्या नळीतून वाया जातो. त्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसरा पंखा बसवायचा आणि त्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. माणूस नको, दमणं नको. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाया जानाऱ्याकडून काम करून घ्याचं," ते म्हणाले. "मी तुमच्याबरोबर तीन वर्सं हेच करून राहिलो."

आठ महिने आमची शाळा म्हणजे हेच यंत्र होतं. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून पाती केली. पाती कशी वाकवायची ती माझी भूमिती, किती फेरे होतील ते माझं गणित. पहिले दोन पंखे फुटले, तिसरा नाझरसाहेबांच्या अंगणात जाऊन पडला. चौथा टिकला.

तो फिरायला लागला आणि असा काही आवाज निघाला! आमच्यापासून दोन फर्लांगांवर, म्हणजे पाव मैलावर, कापसातली सरकी काढायचा कारखाना, जिन, होतं. तिथला भोंगा बरोबर बाराला व्हायचा आणि मजूर जेवायला सुटायचे. दादांचा पंखा हुबेहूब त्या सुरात वाजला, साडेदहाला. सगळं जिन बाहेर आलं, लिंबाखाली बसून भाकरी खाल्ल्या. बाराला खरा भोंगा झाला, तेव्हा ते पुन्हा बाहेर आले. भोंगा झाल्यावर आत थांबायची कोणाला सवय नव्हती.

जिनचे मॅनेजर संतापून घरी आले. आवाज थेट जिनमध्ये ऐकू आला म्हणाले. दादांनी त्यांना बसवलं आणि मला हाक मारली, "कुमे, वही आन. दोन फर्लांग लिही." मग त्यांनी मॅनेजरांना विचारलं की आवाज शेवटी जाड होत गेला की बारीक.

पण खरं सांगायचं तर गाडी पळाली. त्या रविवारी आम्ही किंचाळत चढ चढून मोर्शीला पोचलो. दादा गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला रडले आणि मीही रडले. एवढा अभिमान मला पुढे कशाचाच वाटला नाही. वसंतानं घरी येऊन भिंतीवर मोर्शी काढली.

*

माझं मॅट्रिकचं वर्ष आलं. उरलेलं जग दादांनी नाइलाजानं एका आठवड्यात उरकलं. परीक्षेचं केंद्र आलं अकोला. तिथे आत्याकडे उतरायचं होतं. आईनं धोका नको म्हणून बडनेऱ्याहून रेल्वेची तिकिटं काढली. दादा गाडीनंच निघाले आणि आमच्यानंतर नऊ तासांनी पोचले.

पहिल्या पेपरला सोबत आई आली. परीक्षेवर देखरेख करणाऱ्या बाई हॉलमध्ये नंबर सांगत होत्या. मी माझ्या बाकावर बसले, तर आई पण आत येऊन माझ्या मागच्या बाकावर बसली. मी हळूच सांगितलं की पालकांनी बाहेर थांबायचं असतं.

"मी पालक म्हनून नाई आली," आई म्हणाली आणि पिशवीतून स्वतःचं प्रवेशपत्र काढून बाकावर ठेवलं.

तिनं माझ्या फॉर्मासोबत आपलाही भरला होता. दादा गाडीखाली असताना पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर सही करायचे, त्यामुळे त्यांना पत्ता नव्हता. तू कधी शिकलीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "चार वर्सं तुमी वसरीवर ओरडून राहिले. मी काय कानात बोळे घालून पोया लाटत होती?"

जूनमध्ये निकाल आला. पेपरात माझा नंबर होता, दुसऱ्या वर्गात. आईचा नव्हता. पेढे आणायला निघालेला वसंता दारातच थांबला. मग गुणपत्रिका आल्या. इंग्रजी, गणित, मराठी, सगळ्यांत आई पास. विज्ञानात तर माझ्यापेक्षा तीन गुण जास्त! नापास झाली ती एकाच विषयात, गृहशास्त्रात.

मला पेपर आठवत होता. पाच माणसांसाठी भात कसा कराल ते प्रमाणासह लिहा, असा प्रश्न होता. मी पुस्तकातलं पाठ केलेलं उतरवलं होतं. तोवर मी कधी भात टाकला नव्हता. मला त्या विषयात चौसष्ट मिळाले. आईला विचारलं तिनं काय लिहिलं, तर म्हणाली, "मानसं पाहून तांदूळ घ्यावा, पानी अंदाजानं."

दादा हसले नाहीत. आई उठली आणि तिनं ती जुनी वही आणून त्यांच्यासमोर उघडी ठेवली.

"अट अटच असते," ती म्हणाली. "कोनीबी म्हनलं होतं मी. सही तुमची आहे."

दादा गाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं आता. मी आईला काही म्हणणार, तेवढ्यात दादांनी गुणपत्रिका हातात घेतली, पुढून मागून वाचली आणि म्हणाले, "एकाच विषयात राहिली म्हणजे ऑक्टोबरात पुन्हा बसता येते. तोवर निकाल पुरा झाला नाई." आईनं थोडा विचार करून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर हजेरी झाली. वसंताचं नाव झालं, आईचं झालं. दादांनी, ज्यांनी जन्मात कधी चूल पेटवली नव्हती, गृहशास्त्राचं पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि भाताचा धडा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आई पाटी घेऊन वसंताशेजारी मांडी घालून बसली होती. तिनं हात वर केला.

"मास्तर, तांदूळ आंधी धुवाचा असते का?"

दादांनी बोटानं ओळ धरली, पान उलटलं, पुन्हा मागे आले.

"थांब," ते म्हणाले. "ते पुढच्या धड्यात आहे."