विमानाचं गोत्र

काशीत ब्रह्मा घाटावरच्या ढुंढिराज मुळे गुरुजींना आयुष्यात कशाची उणीव म्हणून भासली नाही, कारण त्यांच्याजवळ अक्षता होत्या. यजमानानं देवाला आसन आणलं नाही? ‘आसनार्थे अक्षतान् समर्पयामि.’ दागिने नाहीत? अक्षता. छत्र, चामर, गीत, नृत्य, राजाच्या दरबाराला शोभेल ते सगळं कुंकू लावलेल्या चिमूटभर तांदळांत बसतं, अशी सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे, आणि गुरुजी तिचा लाभ चाळीस वर्षं घेत आले होते. देवाची तक्रार आली नव्हती. यजमानांना संस्कृत येत नव्हतं.

असा हा माणूस एका जूनमध्ये रशियाला गेला. मुलगा सुश्रुत व्होल्गाकाठच्या एका शहरात डॉक्टरकी शिकला, त्याच्या पदवीदानाला. निघायच्या आदल्या दिवशी रामघाटावरच्या लतिकाकाकूंनी त्यांना बोलावून घेतलं.

काकू अठ्ठ्याहत्तरीच्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे पती शिवराम हवाई दलात होते; पन्नास वर्षांपूर्वी त्यांचं मालवाहू विमान ईशान्येच्या डोंगरांत शिरलं ते बाहेर आलंच नाही. देह मिळाला नाही. मग गुरुजींच्या वडिलांनी मणिकर्णिकेवर पालाशविधी केला. म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. आठ वर्षांचा ढुंढू तेव्हा दर्भाची जुडी धरून उभा होता. काकू रडत नव्हत्या. त्या पानांकडे बघत होत्या, एखाद्या मुलीनं नकाशात चुकीच्या जागी हिमालय काढावा तसं.

आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेल्या काकूंनी तोंड झाळून बंद केलेली तांब्याची गंगाजळी गुरुजींच्या हातात ठेवली.

“ढुंढू, तिकडे जुनी विमानं मांडून ठेवतात म्हणे. संग्रहालयात, चौकात, बागेत. यांचं होतं अँटोनोव्ह बारा. चार पंखे, आणि शेपटाशी काचेची खोली. चंदीगडला एकदा मी त्याच्या चाकाला हात लावला होता. तसलं एक शोध, आणि त्याच्या चाकाशी हे पाणी घाल.”

“घालतो, काकू. त्यात काय.”

“ऐकून घे. तुझ्या बाबांनी मला पानांचा माणूस दिला. शास्त्रात बसतं, मी काही म्हटलं नाही. पण आता मला ‘त्याच्या जागी हे’ नको. खरं विमान हवं. नाही सापडलं तर पाणी परत आण. मी रागावणार नाही.”

हे शेवटचं वाक्य गुरुजींना पुढे फार छळणार होतं.

रशियात विमान शोधणं म्हणजे काशीत शिवलिंग शोधण्याइतकं सोपं असेल, असा गुरुजींचा समज होता. तो निम्मा खरा ठरला. विमानं होती, पण मोबाईलचा नकाशा त्या दिवसांत युद्धामुळे तिथं भरवशाचा नव्हता. गुरुजी नदीकाठी उभे असत आणि नकाशा त्यांना विमानतळाच्या धावपट्टीवर उभं करी. पहिल्या ठिकाणी खरोखरच विमान होतं, पण त्याच्या पोटात हॉटेल काढलेलं होतं आणि आत लोक मासे खात होते. दुसरं एका कॉलेजच्या कुंपणाआड. परदेशी माणसानं आधी अर्ज करावा, अशी तिथं सूचना होती. तिसरं खरं संग्रहालय. शहराच्या टोकाला, दोन बस बदलून. फाटकाच्या गजांतून गुरुजींना गवतात उभी असलेली विमानं दिसली, आणि सगळ्यांच्या मागे, चार पंख्यांचं, करड्या रंगाचं एक. शेपटाशी काच उन्हात चमकत होती.

फाटकाला कुलूप होतं. सुश्रुतनं फाटकावरच्या बाईशी बोलून घेतलं.

“बाबा, आज सफाईचा दिवस आहे. बंद. उद्या दहाला या, म्हणतायत.”

“उद्या?”

“उद्या सकाळी येऊ ना. तुमचं विमान रात्री आहे.”

उद्या सकाळी अकराला भारतीय पालकांनी एक जेवण ठेवलं होतं, आणि काशीहून आलेल्या वेदमूर्तींनी मुलांना आशीर्वाद द्यावेत असं ठरलं होतं. शाल मिळणार होती. गुरुजींनी कुलपाकडे पाहिलं, शालीचा विचार केला, आणि म्हणाले, “बघू.”

परतीच्या बसथांब्यामागे एक बाग होती. तिथं एक विमान उभं होतं. निळं-पांढरं, एकावर एक दोन पंखांचं, नाकाला एकच पंखा. दाराला शिडी लावलेली, आणि आतून दोन मुलं जिभा काढून दाखवत होती.

“हे कुठलं रे?”

सुश्रुतनं पाटी वाचली. “अँटोनोव्ह. पण बारा नाही, दोन आहे. शेतावर औषध मारायचे याने.”

“अँटोनोव्हच ना?” गुरुजी म्हणाले. “म्हणजे गोत्र एकच.”

“बाबा!”

“अरे, मुलगा नसेल तर सगोत्र माणूस अग्नी देतोच ना?”

आणि त्यांनी गंगाजळीची झाळ फोडली. संकल्प केला, स्थळ-काळ नीट उच्चारला, व्होल्गेचं नावसुद्धा घेतलं. एका रबरी चाकावर काशीची गंगा ओघळली. मुलांनी वरून विचारलं, हे काय चाललंय? सुश्रुतनं काय सांगितलं ते गुरुजींनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणात शाल मिळाली. नारळ तिकडे मिळाला नाही, म्हणून श्रीफळार्थे सफरचंद.

विमानाचा फोटो पाणी घातलं त्याच संध्याकाळी काकूंच्या फोनवर गेला होता. काकूंकडे राहणारी त्यांची नात रुची युनिव्हर्सिटीत शिकते. तिच्या लेखी विमान म्हणजे विमान. काकूंचा फोन आला.

“ढुंढू, सापडलं? मला नुसता रंग दिसतोय रे. निळं आहे का? आपलं करडं होतं.”

“नंतर रंगवलंय, काकू. बागेत ठेवलंय ना.”

“आणि चार पंखे?”

सत्य गुरुजींच्या तोंडापर्यंत आलेलं होतं.

“फोटो एका बाजूनं काढलाय,” ते म्हणाले.

पलीकडे काकू रडू लागल्या. मणिकर्णिकेवर रडल्या नव्हत्या त्या.

काशीत परत येईपर्यंत फोटो मोठा होऊन, चौकट लागून, शिवरामकाकांच्या शेजारी भिंतीवर चढला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला काकू तो बोटानं दाखवत, बोट चौकटीच्या जरा बाहेर पडे. ब्रह्मा घाटावर बोलबाला झाला की गुरुजींनी रशियात जाऊन विमानाचं तर्पण केलं. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, “गुरुजी तो पुतिन के देस में भी गंगा बहा आए!” गुरुजी पूर्वी अशा वाक्यांवर दुसरा चहा मागवत. आता पहिलाच अर्धा ठेवून उठू लागले.

घरात बायकोला, गीताबाईंना, सुश्रुतकडून सगळं कळलेलं होतं.

“अहो, सांगून टाका. काकू काय फाशी देणारेत?”

“सांगतो म्हटलं ना.”

“कधी? मुहूर्त काढताय का? डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांचं, पुढच्या आठवड्यात. मग त्या स्वतःच बघतील की, तुमचं ते एका बाजूनं काढलेलं.”

त्याच दुपारी गुरुजी रामघाटावर गेले. सांगायचंच, असं प्रत्येक पायरीला म्हणत गेले. काकूंनी स्वतः चहा केला, कपाबाहेर थोडा सांडला, आणि म्हणाल्या, “बस. दिसायला लागलं की पहिलं काय बघणार, सांग? ते चाक. जिथं तू पाणी घातलंस ते.”

गुरुजींनी तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून जे आलं ते ऐकून त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

“काकू, चातुर्मास लागतोय. चातुर्मासात डोळ्याला शस्त्र नको. कार्तिकी एकादशी होऊ द्या.”

“असं असतं?”

“असतं.”

असं कुठंही नसतं. कुठल्याही ग्रंथात नाही. हे काशीत ज्यांना ठाऊक असावं अशांत गुरुजींचा क्रमांक बराच वर लागला असता. काकू भूगोलाच्या, त्यांनी मान हलवली. “तू म्हणतोस तर थांबते. पन्नास वर्षं थांबले, चार महिने काय.”

घरी गीताबाईंनी विचारलं, सांगितलं का? “विषय निघाला,” गुरुजी म्हणाले.

भाद्रपदात गंगा चढली आणि उतरताना पायऱ्यांवर गाळ ठेवून गेली. गाळ आणि पायरी यांतला फरक काकूंना दिसला नाही. उजवं मनगट मोडलं. गुरुजी मोसंबी घेऊन भेटायला गेले. काकू प्लास्टरकडे बघून हसल्या. “डोळे असते तर वाचलं असतं. पण तुझं शास्त्र मोडायचं नव्हतं.” गुरुजींनी मोसंबी सोलली. फोडी सोलून सोलून बशीत इतक्या झाल्या की रुची म्हणाली, “बस करा ना काका, दुकान लावायचंय का?” त्यांना हात थांबवता येत नव्हता. भिंतीवरून निळं विमान बघत होतं.

कार्तिकात ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. आठ-दहा दिवस निरोप नाही. मग रुचीचा फोन आला. “आजी म्हणते, पूजा करायचीय विष्णूची. *गुरुजींना* सांग म्हणाली.” गेली पन्नास वर्षं काकूंच्या तोंडी ढुंढू होता. गुरुजी झाल्याचं त्याला त्या दिवशी कळलं.

चौरंग मांडलेला होता. काकू समोर, काळा चष्मा उतरवून, स्वच्छ डोळ्यांनी बसलेल्या. फोटो जागेवरच होता.

“या, गुरुजी. सुरू करा.”

ध्यान झालं, आवाहन झालं. ‘आसनार्थे’ म्हणत गुरुजींचा हात सवयीनं तबकाकडे गेला. तबकात हळद होती, कुंकू होतं, तुळस होती. अक्षता नव्हत्या.

“अक्षता राहिल्या वाटतं, काकू.”

“राहिल्या नाहीत. ठेवल्या नाहीत.” काकूंनी मागून बोटभर लांबीचं शिसवी आसन काढून देवाखाली सरकवलं. “हं. पुढे.”

वस्त्र म्हणताच रेशमी वस्त्र आलं, सुईनं शिवलेलं. दागिने म्हणताच मोत्यांची कंठी. छत्र आलं, चवरी आली, आरसा आला. मोडून जुळलेल्या मनगटानं त्या एकेक वस्तू उचलत होत्या, जरा वाकड्या हातानं. गीत म्हटल्यावर त्यांनी दोन ओळींचं भजन म्हटलं, सुरात नव्हतं. रुची तोंडाला ओढणी लावून बसली होती.

“नृत्यम्,” गुरुजी म्हणाले.

“ते माझ्याच्यानं होत नाही,” काकू म्हणाल्या. “तिथं काय घालायचं ते तुम्ही सांगा.”

गुरुजींनी पळी खाली ठेवली.

“काकू, ते विमान तुमचं नव्हे.”

“हो. एकच पंखा आहे त्याला. आणि आतून दोन मुलं जिभा काढतायत.”

“खरं मी पाहिलं होतं. फाटकातून. दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. मी शाल घ्यायला गेलो.”

काकूंनी मान हलवली. तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण तबकात अक्षता नव्हत्या, आणि हाताला दुसरं काही सापडत नव्हतं.

“आणि चातुर्मासाचं... तसं काही नसतं. तुम्ही फोटो बघू नये म्हणून बोललो.”

काकू आपल्या मनगटाकडे बघत राहिल्या. नव्या डोळ्यांनी, सावकाश, एकेक रेघ बघितल्यासारख्या.

“हे मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

गल्लीतून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. रुचीनं ओढणी खाली घेतली.

“पुढे म्हणा, गुरुजी. देव खोळंबलाय.”

गुरुजींनी पुढे म्हटलं. नैवेद्य झाला, आरती झाली, फुलं वाहून झाली. आता शेवटचा क्षमापनाचा श्लोक. मंत्रात, क्रियेत, भक्तीत जे उणं राहिलं ते देवानं पुरं मानून घ्यावं. हजारो पूजांना म्हटलेला, अर्धं लक्ष चपलांकडे ठेवून. गुरुजींनी हात जोडले. श्लोकाचा अर्थ त्यांना आज पहिल्यांदाच ऐकू येत होता.

“तेवढा राहू द्या,” काकू म्हणाल्या.

गुरुजींनी हात सोडले. पळी-पंचपात्र पुसून पिशवीत घातलं आणि जिना उतरू लागले. जिन्यात उजेड कमी होता. पाठीमागून काकूंचा आवाज आला, रुचीला सांगणारा: “दिवा लाव गं. त्यांना पायरी दिसायची नाही.”